एका शेताचे चार दावेदार: बंजार खेड्यातली जमीन, घर आणि हिस्से

प्रश्न थोडक्यात असा. इंडोनेशियात, बोर्निओ बेटावरच्या दक्षिण कालिमंतान प्रांतातल्या खाणीत नोकरी करणाऱ्या एका मराठी अभियंत्याला कंपनीच्या रोपवाटिकेसाठी जवळच्या बंजार गावातलं दोन हेक्टरांच्या आतबाहेरचं भातशेत पाच वर्षांच्या भाड्याने घ्यायचं आहे. गावच्या दाखल्यावर वारलेल्या वडिलांचं नाव आहे आणि व्यवहाराला उभा आहे त्यांचा एकुलता मुलगा. भाडं ठरलं आणि मग एकेक जण पुढे आला. आधी मुलाची आई, मग लग्न झालेल्या दोन बहिणी, मग शेतातल्या संत्र्यांची झाडं आपली म्हणणारा शेजारी, आणि शेवटी गेली काही वर्षं तिथे भात करणारा गावातला चौथाच गृहस्थ. "ही मिलीभगत आहे का? आणि खरा मालक कोण?"

मिलीभगत नाही. चौघंही खरं बोलत असण्याची शक्यता मोठी आहे. मी भूमी अभिलेखातली नोकरी सोडून बरीच वर्षं बोर्निओच्या दलदली मोजण्यात घालवली. तिथे सातबारा डोक्यात घेऊन गेलेला माणूस पहिल्याच गावात अडतो, कारण आपल्याला एका गटाला एक खातेदार शोधायची सवय. बंजार खेड्यात एकाच तुकड्यावर माती एकाची, झाडं दुसऱ्याची, पीक तिसऱ्याचं आणि या सगळ्यात बायकोचा निम्मा वाटा आधीच बाजूला काढलेला, असं असू शकतं. (बंजारा तांड्यांशी यांचा संबंध नाही. हे बोर्निओचे मलय भाषाकुळातले मुसलमान शेतकरी आणि व्यापारी.) एकेक दावा घेतो, पण त्याआधी जमीन कशी आहे ते सांगायला हवं. तिथली मालकी मातीपेक्षा पाण्यातून जास्त उगवते.

बारितो आणि तिच्या उपनद्यांच्या मुखाकडचा प्रदेश जवळजवळ समुद्राच्या पातळीवर आहे. समुद्राची भरती नदीचं गोडं पाणी मागे रेटते आणि ते शेतात चढतं. ज्याने कोकणात खाजणातलं भात पाहिलंय त्याला उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांगाचा (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) हिशोब वेगळा शिकवायला नको. तिथले कृषी खात्याचे लोकही जमिनीचे वर्ग याच हिशोबाने पाडतात: अ म्हणजे भांगाच्या भरतीतही भिजणारी, ब म्हणजे फक्त उधाणाला भिजणारी, क आणि ड म्हणजे पाणी वर न येता खालून ओल देणारी. फरक इतकाच की आपण खारं पाणी बाहेर ठेवायला बांध घालतो आणि बंजार लोक गोडं पाणी आत घ्यायला व आंबट पाणी बाहेर काढायला चर खणतात.

या चराला हांदिल म्हणतात. नदीपासून काटकोनात आत जंगलात गेलेला, काही ठिकाणी दोन-तीन किलोमीटर लांब. दहा-वीस कुटुंबं एकत्र येतात, त्यातला एक जण कपाला हांदिल म्हणजे चराचा प्रमुख होतो आणि सगळे मिळून खणतात. जो खणायला आला त्याला दोन्ही अंगांच्या पट्ट्यांतली एक मिळते. पुढे दर वर्षी चर साफ करायला जो येतो त्याचा हक्क शाबूत राहतो. म्हणजे मालकीचा उगम खरेदीखत नाही, अंगमेहनत आहे. हे काही अलीकडचं नाही. इथल्या बंजार सल्तनतीच्या सुलतान आदमच्या १८३५ च्या कायद्यात नेगारा आणि अलाबिओकडच्या भातजमिनींबद्दल कलमच आहे: लागवड, बांध किंवा चर अशी कसण्याची खूण नसेल तर दुसऱ्याला तिथे कसायला मज्जाव करता येत नाही. १८६० मध्ये डचांनी सल्तनत मोडून काढली, पण गावाच्या मनातून हे कलम गेलेलं नाही.

त्यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. पट्टीची पुढची हद्द चरावर असते आणि ती पक्की असते. आजूबाजूच्या हद्दींवर शेजाऱ्यांच्या सह्या असतात. मागची हद्द मात्र 'जंगलापर्यंत' असते. शेत चार वर्षं पडीक राहिलं की गलाम नावाचं पांढऱ्या सालीचं झाड उगवून येतं, जंगलच पुढे सरकतं आणि हद्द कुठे होती हे सांगणारा म्हातारा नेमका त्याच वर्षी जातो. मोजणी करताना मी नेहमी मागच्या टोकापासून सुरुवात करायचो. पुढे भांडण नसतंच.

मोजमापाचं एकक बोरोंगान. दहा वाव बाय दहा वाव (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर), साधारण १७ मीटर चौरस, म्हणजे २८९ चौरस मीटर. ३५ बोरोंगान म्हणजे ढोबळ एक हेक्टर. भाडं हेक्टरवर बोलू नका, बोरोंगानवर बोला. समोरच्याला लगेच कळतं आणि तुमच्याबद्दलचा संशयही थोडा कमी होतो.

आता आईचा दावा. चौघांत तिचा सर्वांत भक्कम आहे आणि बाहेरचे लोक नेमका तोच धरत नाहीत. आपला समज असा की मुसलमान कुटुंब म्हणजे शरियतचा हिस्सा, आणि मुलं असली की विधवेला एक अष्टमांश. बंजार लोक शरियत काटेकोर पाळतात, यात वाद नाही. १८ व्या शतकात मक्केहून परतलेले शेख मुहम्मद अर्शद अल-बंजारी यांचा शब्द तिथे आजही शेवटचा मानतात. पण वाटणीआधी ते एक पायरी घेतात आणि ती परंपरेने याच शेखांच्या नावावर सांगितली जाते: हार्ता परपंतांगान. लग्नानंतर नवरा-बायकोने मिळून जे कमावलं ते दोघांचं. एक गेला की अर्धं जिवंत राहिलेल्याचं म्हणून बाजूला काढायचं. ते वारसा म्हणून मिळत नाही, भागीदाराचा हिस्सा म्हणून मिळतं. उरलेलं अर्धं तेवढं मृताचं, आणि शरियतची वाटणी फक्त त्याची.

आकड्यात बघा. समजा शेत ६४ बोरोंगान, म्हणजे १.८५ हेक्टर, सगळं लग्नानंतर तयार केलेलं. मागे बायको, एक मुलगा, दोन मुली. मृताचे आईबाप हयात नाहीत, देणी फिटलेली. परपंतांगानने ३२ बोरोंगान बायकोचे. उरलेल्या ३२ चा अष्टमांश ४, तोही तिचाच. राहिले २८, मुलाला १४, मुलींना सात-सात. आईकडे एकूण ३६, मुलाकडे १४. ही मधली पायरी घेतली नसती तर आईला ८, मुलाला २८ आणि मुलींना चौदा-चौदा मिळाले असते. म्हणजे तुम्ही ज्याच्याशी भाडं ठरवलंत त्याच्याकडे त्या शेताचा पाव वाटाही नाही.

हे नुसतं गावरहाटीतलं नाही. इंडोनेशियाच्या १९७४ च्या विवाह कायद्यात लग्नानंतरची कमाई सामाईक धरली आहे आणि १९९१ च्या इस्लामी कायदासंहितेच्या ९६ व्या कलमात मागे राहिलेल्या जोडीदाराला निम्मं द्यायचं असं स्वच्छ लिहिलंय. घटस्फोटात पुढचं ९७ वं कलम लागतं, तिथेही अर्धं-अर्धं. लग्नाआधीचं किंवा माहेरकडून वारशाने आलेलं मात्र ज्याचं त्याचं. त्यामुळे 'ही जमीन कधी केली, लग्नाआधी की नंतर?' हा प्रश्न कागद बघण्याआधी विचारायचा.

बायकोचा निम्मा वाटा का, हे त्या शेतात एक हंगाम काढला की कुणाला समजवावं लागत नाही. तिथलं स्थानिक भात, सियाम आणि बायार जातींचं, शेतात नऊ-दहा महिने असतं आणि एकदा नाही, तीनदा उपटून लावतात. पावसाच्या सुरुवातीला, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, काठावरच्या उंच जागी टोकणीने तरवा टाकतात. त्याला ताराडाक म्हणतात. महिना-सव्वा महिन्याने रोपं उपटून ओलसर जागेत पातळ लावायची, ती अंपाक. पुन्हा तेवढ्याच अवधीने ती फोडून अजून मोठ्या तुकड्यात, तो लाचाक. मार्च-एप्रिलमध्ये पाणी उतरायला लागलं की गुडघ्याच्या वर आलेली जाडजूड रोपं शेवटच्या जागी जातात. इतका खटाटोप का? कोवळं रोप भर पावसातल्या पाण्यात बुडून मरेल म्हणून. शिवाय दर वेळी चूड फोडायचा, म्हणजे मूठभर बियाण्यात शेत भरतं.

त्याच दिवसांत पुरुष मुख्य शेतात ताजाक चालवत असतो. ताजाक म्हणजे लांब दांड्याचं, कोयत्यासारखं वाकडं जड पातं; पाण्याखालून फिरवून गवत मातीच्या वरच्या थरासकट कापायचं. कापलेलं गवत आठवड्या-दोन आठवड्यांनी गोळा करून त्याचे मोठाले गोळे करायचे, ते पाण्यात कुजू द्यायचे, मध्ये एकदा उलटायचे आणि पूर्ण कुजल्यावर शेतभर पसरायचे. कुजण्याच्या वासाला नाक सरावायला वेळ लागतो. नांगर तिथे वर्ज्य, आणि त्यात अडाणीपणा अजिबात नाही. वीतभर किंवा हातभर खाली लोह-गंधकाचं खनिज असलेला थर आहे. तो पाण्याखाली असेतो निरुपद्रवी; वर काढून हवा लागली की गंधकाम्ल तयार होतं, पाण्यावर गंजासारखी तांबूस साय येते आणि पुढली काही वर्षं तिथे भात होत नाही. शेजारच्या मध्य कालिमंतानात १९९५ साली सुहार्तो सरकारने दहा लाख हेक्टरांवर भात करण्याचा फतवा काढला, यंत्रांनी खोल कालवे खणून पाणठळ कोरडं पाडलं; १९९९ मध्ये तो प्रकल्प गुंडाळावा लागला. बंजार शेतकरी उथळ हांदिल का खणतो, हे आधी बघितलं असतं तर इतका पैसा आणि जंगल वाचलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे. रोपवाटिकेसाठी तुम्हीही तिथे जेसीबी लावू नका. माती वर उचलायची तर बाहेरून आणा. भाडेकराराची पाच वर्षं संपल्यावर आंबट झालेली जमीन परत दिलीत तर गाव तुम्हाला सोडणार नाही, आणि ते बरोबरच असेल.

कापणी जुलै ते सप्टेंबर. पारंपरिक रीत रांगामान या तळहातात मावणाऱ्या पात्याने एकेक लोंबी खुडण्याची, आणि त्यात बायकांचा हात मोठा. खुडणारीला रोजाऐवजी भाताचा वाटा मिळतो. गावागावाचं प्रमाण वेगळं. माप म्हणजे ब्लेक, आपल्याकडचा घासलेटचा डबा. खंडही बहुतेक ब्लेकमध्येच बोलतात. नैसर्गिक पाण्यावरच्या पिकाचा दहावा भाग जकात म्हणून निघतो आणि मग भात कणगीत, तिला ते किंडाई म्हणतात. तांदूळ त्यांना मोकळा लागतो. सरकारने दिलेल्या कमी दिवसांच्या चिकट जाती पोत्याने कितीही जास्त येवोत, बाजारात सियामचा भाव चढाच राहतो, म्हणून दहा महिन्यांचं भात अजून टिकून आहे.

ताराडाकपासून रांगामानपर्यंत निम्मं काम बायकोचं. त्याशिवाय पुरून गवताच्या चटया विणणं, अलाबिओ बदकांची अंडी, होडीतून बाजार. हा पैसा घरात येतो आणि बहुतेक वेळा सोन्याच्या रूपाने तिच्याच हातात राहतो. लग्नात मुलाकडचे मुलीकडे जुजुरान पोचवतात. ती रक्कम समारंभ आणि संसाराच्या सामानात जाते, मेहर निराळा. सुरुवातीला जोडपं पुष्कळदा मुलीच्या घरीच राहतं. या सगळ्यात बाईचं पारडं हलकं पडत नाही. आई 'माझं विचारलं नाही' म्हणाली ती उगाच नव्हे.

बहिणींचं सोपं आहे आणि अवघडही. हिशोबाने त्यांचे सात-सात बोरोंगान. पण आई हयात असताना वाटणीचा विषय काढणं बरं दिसत नाही, म्हणून जमीन वर्षानुवर्षं सामाईक राहते. पुढे वाटणी होते तीही दोन टप्प्यांत: आधी गावातले गुरू शरियतचे हिस्से काढून सांगतात, ज्याला त्याला आपलं किती ते कळतं, मग सगळे मिळून संमतीने बदल करतात. जी मुलगी आईला सांभाळते तिला घर, जो परगावी गेला त्याला रोख, किंवा भाऊ-बहीण सारखंच घेऊ म्हणून समसमान. याला बादामाई म्हणतात, समेट. कायदासंहितेच्या १८३ व्या कलमातही हीच मुभा आहे: प्रत्येकाला आपला हिस्सा समजल्यानंतर वारसांनी आपसांत समझोता करावा. 'समजल्यानंतर' हे महत्त्वाचं. न सांगता घेतलेली सही पुढे टिकत नाही. एखादा भाऊ सुमात्रातल्या तेंबिलाहानला किंवा मलेशियाच्या पेराकमध्ये गेला असेल, आणि बंजारांत असं स्थलांतर पिढ्यान्‌पिढ्याचं आहे, तर त्याच्याकडूनही फोनवर साक्षीदारांसमोर होकार घ्या. वीस वर्षांनी परतलेले चुलते मी पाहिलेत.

संत्रीवाला शेजारी. भातशेतात मधेमधे चिखल रचून उंचवटे करतात, त्यांना तुकुंगान म्हणतात, आणि त्यावर सियाम बंजार जातीची संत्री लावतात. उंचवटा एका वर्षात होत नाही, दर हंगामात थोडा चिखल चढवत न्यावा लागतो. मालकाच्या परवानगीने हे कष्ट ज्याने केले, झाडं त्याची. इंडोनेशियाच्या रूढी कायद्यात जमीन वेगळी आणि तिच्यावरचं वेगळं हे तत्त्व सर्वत्र आहे. घरालाही तेच. उलिन या लोखंडासारख्या लाकडाच्या खांबांवर उभं घर जमिनीशिवाय विकलं जातं, फळ्या सुट्या करून होडीने नेऊन दुसरीकडे उभं केलं जातं. तेव्हा शेजाऱ्याला झाडांचा मोबदला द्या, नाहीतर झाडं तशीच ठेवून फळं त्याला घेऊ द्या. मी दुसरं करीन; पाच वर्षांत तुमची गरज संपेल, संत्री उभी राहतील.

राहिला भात करणारा. तो कूळ असेल तर त्याला खंड आणि कापणीपर्यंतचा वेळ देऊन विषय मिटेल. माझा अंदाज वेगळा आहे: शेत त्याच्याकडे सांदा असेल. सांदा म्हणजे ताबेगहाण. आजारपण, लग्न, हज अशा खर्चाला मालक उसने घेतो, बऱ्याचदा सोन्याच्या वजनात, आणि फेडेपर्यंत सावकार शेत कसतो. व्याज असं नाही, पण पीक त्याचं. सोनं चढलं की सोडवणं अवघड होतं आणि सांदा पिढीभर चालतो. यावर १९६० चा ५६ क्रमांकाचा कायदा आहे: शेतजमिनीचं गहाण सात वर्षं चाललं की पैसे न घेता, पीक निघाल्यावर महिन्याभरात जमीन परत करायची. आधी सोडवायची तर साडेसातातून झालेली वर्षं वजा करा, सातने भागा, मूळ रकमेला गुणा. चार वर्षं झाली असतील तर निम्मी रक्कम. सूत्र कायद्यात आहे, गावात मात्र ते तोंडावर फेकायचं नाही. अडीनडीला मदत केलेल्या माणसाला कायदा दाखवणं नामुष्कीचं मानतात. मुलाला सूत्र माहीत असू द्या, बोलणी पंबाकाल म्हणजे गावच्या मुखियासमोर होऊ द्या, आणि तुमच्या आगाऊ भाड्यातून सांदा सोडवता आला तर सर्वांत उत्तम. तशी नोंद करारात करा.

कागदांचं थोडं. तुमच्याकडे आहे तो बहुधा मुखियाचा दाखला किंवा ताब्याचं स्वयंघोषणापत्र, ज्याला स्पोराडिक म्हणतात. जुना मुद्रांकित कागद असेल तर सेगेल. हे मालकीचे पुरावे आहेत, मालकीपत्र नव्हे. मालकीपत्र जमीन कार्यालयाचं. २०१७ पासून गावच्या गाव नोंदवण्याची मोहीम चालली आहे, तेव्हा या गावाची नोंदणी झाली का ते कार्यालयात विचारा. २०२१ च्या नियमाने जुन्या रूढी कागदांना नोंदणीसाठी पाच वर्षांची मुदत दिली होती. ती आता सरली, त्यामुळे अशा कागदाचं वजन कमी झालंय आणि ताबा, शेजारी, चराचा प्रमुख यांच्या साक्षीचं वाढलंय. आणि कुणी 'माझ्या नावावर घ्या, जमीन तुमचीच' असं सुचवलं तर तिथून उठा. १९६० च्या भूमी कायद्याप्रमाणे पूर्ण मालकी परदेशी माणसाला मिळत नाही आणि आडून केलेला व्यवहार रद्द होऊन जमीन सरकारजमा होते.

तेव्हा करार मुलाशी नको, आईशी करा. मुलगा आणि दोन्ही बहिणी संमती देणार म्हणून सही करतील. भात करणारा आणि संत्रीवाला यांचे वेगळे दोन कागद. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या सह्या हद्दीसाठी, पंबाकालची साक्ष म्हणून. कपाला हांदिलला वगळू नका: चरसफाईचा वाटा आता तुम्ही द्यायचा, माणूस पाठवून किंवा पैशाने. तो दिला नाहीत तर तुमच्या वाफ्यांत पाणी कधी चढेल आणि कधी उतरेल हे तुमच्या हातात राहणार नाही. बोलणी सप्टेंबरनंतर धरा, भात कणगीत गेल्यावर आणि नवा तरवा पडण्याआधी. एकदा ताराडाक टाकला की त्या वर्षी शेत रिकामं करून मागणं कुणालाही पटणार नाही.